छपरावरचं पाणी: टाकं, आड की बोअर?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय तसा घरगुती आहे. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी पावसाचं पाणी साठवायचं ठरलंय. घरात आई, दादा, वहिनी आणि दोन मुलं. बोअर मार्चमध्येच धापा टाकतो, नळ कधी आठ दिवसांनी तर कधी बारा दिवसांनी येतो, आणि उन्हाळ्यात टँकरवाल्याचा फोन नंबर नातेवाइकांच्या नंबरांच्या वर असतो. स्लॅबवर पडणारं पाणी वाया घालवायचं नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे. पण ते न्यायचं कुठे? दादा म्हणतो बोअरमध्ये सोडू. मी म्हणतो टाकं बांधू. आणि आईने तिसरंच काढलं, अंगणातला जुना आड. नळ आला तेव्हा त्याच्यावर फरशी टाकली होती, ती अजून तशीच आहे.

इतिहासावर बोलणाऱ्या माणसाकडे घरचा प्रश्न आला की तो काय करणार? मी मागे वळून बघितलं. टाकं, आड आणि बोअर, या तिन्ही गोष्टींना आपल्याकडे आपापला इतिहास आहे, आणि निवड करताना तो कामाला येतो.

सुरुवात टाक्यापासून करू. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून अधिक. लोक तिथे मूर्ती बघतात, चैत्यगृह बघतात. पुढच्या वेळी गेलात तर पायाखाली बघा. खडकात कोरलेल्या पन्हळी दिसतील. उतारावरून वाहणारं पावसाचं पाणी या पन्हळींतून वळतं आणि लेण्याशेजारच्या टाक्यात पडतं. जवळजवळ प्रत्येक विहाराला आपलं टाकं. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. उरलेले आठ महिने डोंगरावर राहायचं तर साठवण हवीच. भिक्षूंनी एक मोठा सामाईक तलाव करून भागवलं नाही, राहत्या जागेला टेकून छोटी छोटी साठवण केली. आज आपण ज्याला घरगुती पर्जन्यजल साठवण म्हणतो, ती कल्पना इतकी जुनी आहे.

या टाक्यांना तेव्हाच्या प्राकृतात शब्द होता 'पोढी'. कान्हेरी, जुन्नर, नाशिक इथल्या शिलालेखांत तो भेटतो. नाणेघाटात एक छोटा लेख आहे, सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने पोढी दान दिली, एवढंच सांगणारा. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून येणाऱ्या अनोळखी वाटसरूला पाणी मिळावं म्हणून कुणीतरी खडक फोडायचा खर्च केला, आणि ती टाकी नाणेघाट चढणाऱ्यांना आजही दिसतात.

पुढे हीच विद्या किल्ल्यांवर गेली. आपल्यातले भटके लोक 'खांबटाकं' हा शब्द चांगलाच ओळखतात. डोंगराच्या पोटात आडवं कोरलेलं, आत खांब सोडलेलं, वर खडकाचंच छत असलेलं टाकं. तिथलं पाणी मे महिन्यातसुद्धा थंडगार लागतं. कारण सरळ आहे. ऊन आत शिरत नाही, त्यामुळे बाष्पीभवन कमी होतं आणि शेवाळ धरत नाही. उघड्या तलावाचं पाणी हिरवं पडतं, खांबटाक्याचं पडत नाही. घरचं टाकं झाकलेलं आणि अंधारं हवं हा नियम मी कुठल्या माहितीपत्रकातून घेतलेला नाही. तो गडावर ओंजळीने पाणी पिताना कळतो.

गडांच्या पाण्याबद्दल लिहिलेलंही सापडतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथात, किल्ल्यांवर एक प्रकरण आहे. त्याचा मथितार्थ असा की गड बांधण्याआधी पाणी बघावं. पाणी नसेल आणि जागा तर सोडता येत नसेल, तर आधी खडक फोडून पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरतील अशी टाकी करावीत. एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटू शकतात. म्हणून साठवणीचं पाणी वेगळं ठेवावं आणि ते जपावं.

आता यातला हिशेब बघा. अमात्य झऱ्याला नको म्हणत नाहीत. झरा रोजच्या वापराला आहेच. पण ज्याच्यावर जीव अवलंबून आहे ते पाणी डोळ्यांना दिसलं पाहिजे, मोजता आलं पाहिजे. झरा किती दिवस चालेल हे कुणी सांगू शकत नाही. टाक्यात काठी घातली की कळतं, अजून किती हात आहे ते. घरच्या वादात मला इथे पहिला धागा सापडला. प्रश्न 'टाकं की बोअर' असा नाहीच. कुठलं पाणी कशासाठी, हा प्रश्न आहे.

मग मी कागद घेऊन बसलो. गणित शाळेतलंच आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमची स्लॅब हजार चौरस फुटांची, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. आमच्याकडचा पाऊस सरासरी ७५० मिलिमीटर धरला, आणि सांडणं, उडणं, पहिल्या पावसाचं सोडून देणं यात पाचवा हिस्सा गेला असं मानलं, तर हाती येतं सुमारे ५५,००० लिटर. आकडा ऐकून दादा खूश झाला. मी पुढचा आकडा सांगितला. शहरी पाणीपुरवठ्याला माणशी १३५ लिटर रोज असा हिशेब धरतात. पाच माणसं, पाऊस संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत अडीचशे दिवस: १,६८,७५० लिटर. म्हणजे छपराचं सगळं पाणी टाक्यात भरलं तरी तिसरा हिस्साच भागतो, आणि तेवढं टाकं बांधायचं तर अंगण उरत नाही.

पण फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी धरलं तर? माणशी आठ लिटर धरू, सढळ हाताने. पाच जणांचे रोज ४०. अडीचशे दिवसांचे १०,०००. अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल. ओसरीखाली मावतं! आणि मोठी गोष्ट पुढे आहे. पाऊस निम्मा पडला तरी छपरावरून २७,००० लिटर येतात आणि हे टाकं भरतंच. दुष्काळी वर्षातही भरेल एवढंच टाकं बांधावं. कान्हेरीच्या टाक्यांनी आणि गडावरच्या टाक्यांनी अंघोळी, जनावरं, बागा असं सगळं भागवायचा हट्ट धरला असता, तर ती डिसेंबरातच तळाला गेली असती.

इथे २०१६ चा एप्रिल आठवतो. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, प्रत्येकीत ५०,००० लिटर, एकूण ५ लाख. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आलेलं पाणी. देशभर बातमी झाली. आता आमच्या छपराचा आकडा शेजारी ठेवा. चांगल्या वर्षात आमच्यासारख्या नऊ घरांच्या स्लॅबवरून तेवढं पाणी गटारात जातं. दुष्काळी वर्षात, निम्म्या पावसाने, अठरा घरांच्या. शहराची तहान छपरांवर भागली असती असं मी म्हणत नाही, शहराला रोज त्याच्या कितीतरी पट लागतं. पण पिण्याच्या पाण्यासाठी रात्री दोनला रांगेत उभं राहणाऱ्या बायांच्या घरात दहा हजार लिटरचं एकेक टाकं असतं, तर रांग कशासाठी लागली असती?

आता पुण्याकडे. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात पाणी आणलं गेलं. कात्रजला एकाखाली एक असे दोन तलाव. वरच्यात गाळ बसतो, निवळलेलं पाणी खाली येतं. तिथून जमिनीखालच्या दगडी नळाने, मध्येमध्ये हवा खेळायला उसासे ठेवत, पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत यायचं. काळा हौद, नाना हौद, फडके हौद, बाहुलीचा हौद. पंप नाही, गाळणी नाही. फक्त उतार, आणि पाण्याला थोडा वेळ थांबू देण्याची समज. घरासाठी यातून घ्यायचं ते हेच की छपरावरचं पाणी थेट टाक्यात पाडू नका. आधी एका छोट्या हौदात येऊ द्या, माती खाली बसू द्या, मग वरचं निवळ पाणी पुढे सोडा. आणि पहिल्या एकदोन सरी बाहेरच जाऊ द्या. वर्षभराची धूळ आणि पारव्यांची घाण त्याच धुऊन नेतात.

पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं आणि पुण्याच्या नळांना पाणी येईना. तेव्हा वाड्यांतल्या विहिरींकडे आणि जुन्या हौदांकडे लोक पुन्हा वळले. नळ आल्यावर ज्यांना अडगळ म्हटलं होतं, त्यांच्याच काठावर बादल्या लागल्या.

पण हौदाची गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धी राहील. पुण्याच्या हौदांवर सगळ्यांना हात लावता येत नव्हता. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. सरकारी नाही, गावचा नाही, स्वतःच्या घरातला हौद. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, तोही कायद्याने आधीच खुल्या झालेल्या पाण्यासाठी. आपल्याकडे पाणी साठवणं म्हणजे ते कुणाला द्यायचं हे ठरवणंही होतं.

आईने आडाचा विषय काढला तेव्हा मी तिला हे विचारलं. आपल्या आडावर कोण यायचं? ती म्हणाली, ''गल्लीतल्या सगळ्या यायच्या. खालच्या आळीच्या बाया मात्र घागरी घेऊन लांब उभ्या राहायच्या. कुणी वरून ओतलं तर ओतलं.'' मग जरा थांबून म्हणाली, ''तुझी आजी ओतायची. पण पोहरा काही त्यांच्या हातात दिला नाही.'' तिने हे लपवलं नाही, म्हणून मीही इथे लपवत नाही.

आता आडाकडेच येऊ. आपला दख्खन बेसाल्टचा, थरावर थर. वरची माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक, आणि त्याच्याखाली बराचसा घट्ट काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. आपले आड, विहिरी, बारवा याच थरात उतरल्या. साताऱ्याजवळ लिंबला बारामोटेची विहीर आहे, छत्रपती शाहूंच्या काळातली. बारा मोटा एकावेळी चालतील एवढी मोठी, आत चक्क बसायला दालन असलेली. एवढा पसारा असूनही मोटेला एक मर्यादा होती, बैल दमतात. विहिरीत जेवढं झिरपतं त्याच्यापेक्षा फार जास्त उपसता येत नव्हतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण नुसती शहाणपणाची नाही, ती त्या काळचा जलनियोजनाचा नियमच होती.

हा नियम मोडला बोअरने. १९७२ च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या आणि खडक फोडत खाली जाणारी यंत्रं गावोगाव फिरू लागली. त्यांचे उपकार विसरून चालणार नाही. हातपंप आला म्हणून कितीतरी गावं तगली. जालना आणि सोलापूर इथे सुधारत गेलेल्या पंपांतूनच पुढे इंडिया मार्क टू हा हातपंप तयार झाला आणि तो जगभर गेला. मराठवाड्याने आणि सोलापूरने जगाला दिलेली ही वस्तू आपण अभिमानाने सांगायला हवी. पण हातपंपाच्या जागी वीजपंप बसला आणि दमणारं कुणी उरलं नाही. दोनशे फुटांवर लागणारं पाणी चारशेवर गेलं, मग सहाशेवर.

म्हणून दादाचं म्हणणं, की बोअरमध्येच पाणी सोडू, ऐकायला बरोबर वाटतं. जिथून घेतलं तिथे परत. आमच्याकडे आलेल्या कंत्राटदारानेही हेच सांगितलं, आणि तिन्हींत हे सर्वांत स्वस्तही होतं. स्लॅबचा पाइप, मध्ये एक प्लॅस्टिकची गाळणी, की थेट बोअरच्या केसिंगमध्ये. माझी अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे, आडात घाण गेली तर उपसून आड साफ करता येतो. सहाशे फूट खाली भेगेत गेलेली घाण कोण काढणार? मुरमातून झिरपताना पाणी गाळलं जातं, केसिंगमधून पडताना नाही. दुसरं, घट्ट पाषाणात बोअर किती पाणी पिईल हे त्या जागी भेग आहे की नाही यावर ठरतं. गाडीभर वाळूत पाणी ओतणं वेगळं आणि बाटलीत ओतणं वेगळं.

झाकण्याबद्दल एक गोष्ट मुंबईची. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये आलं तरी मुंबईत घरोघरी विहिरी होत्या. मग १९११ साली डॉ. बेंटली यांनी शहरातल्या मलेरियावर अहवाल दिला, आणि डास याच विहिरींत वाढतात हे पुढे आलं. त्यानंतर पालिकेने विहिरी बुजवायला किंवा डास शिरणार नाही अशा झाकायला लावल्या. धार्मिक कारणांनी लोकांनी विरोधही केला. पिढ्यान्‌पिढ्यांचं घरचं पाणी गेलं ते झाकणापायी! आज टाकं बांधणाऱ्याने हे विसरू नये. झाकण घट्ट, हवेच्या नळीला बारीक जाळी, सांडव्याच्या तोंडालाही जाळी. हे नसेल तर टाकं न बांधलेलं बरं.

त्याच मुंबईत २००२ मध्ये मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल साठवण सक्तीची झाली. तमिळनाडूने पुढच्या वर्षी सगळ्याच इमारतींना ती लावली. शंभर वर्षांत चक्र पूर्ण फिरलं. पण सक्तीने पाइप बसतो, टाकं धुतलं जात नाही. मे महिन्यात टाकं उपसून, घासून, चुन्याचा हात देऊन ठेवायचं काम कुणाचं हे घरात ठरलेलं हवं.

ऐकणाऱ्यांमध्ये कोकणातले बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. तुमचा जांभा चाळणीसारखा. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिलात टँकर लागतो तो त्यामुळेच. मुरवलेलं पाणी उतारावरून बघता बघता निघून जातं. तुम्ही टाक्यावर जास्त भर द्या. आमच्या मराठवाड्यात टाकं लहान आणि मुरवणं मोठं. प्रत्येक ठिकाणचा दगड विचारल्याशिवाय शेजारच्या जिल्ह्याची पद्धत उचलू नका.

तर आमच्या घरी ठरलं ते असं. ओसरीखाली दहा हजार लिटरचं झाकलेलं टाकं, फक्त पिण्या-रांधण्यासाठी. त्याच्याआधी निवळायला छोटा हौद. टाकं भरलं की वरचं पाणी वाळू, खडी, कोळशाच्या खड्ड्यातून आडात. चांगल्या वर्षी पंचेचाळीस हजार लिटर तिथे जाईल. बोअरला हात लावायचा नाही. दादाने एकच शंका काढली, आणि ती खरी आहे: ''आडात सोडलेलं आपल्यालाच मिळेल कशावरून? उतार खालच्या आळीकडे आहे. त्यांच्या विहिरीला जाईल ते.''

जाईल. थोडं आपल्या आडात राहील, बरंचसं मुरमातून खाली सरकेल. आईने त्यावर एवढंच म्हटलं, ''जाऊ दे की. त्यांना आता कुणी वरून ओतायची गरज नाही.''

काम अक्षय तृतीयेच्या आत संपवायचं आहे, कारण त्यानंतर गवंडी मिळत नाही. तुमच्याकडे जुना आड, टाकं, हौद असेल आणि त्याच्याविषयी घरातल्या मोठ्यांना काही आठवत असेल, तर तो बुजवण्याआधी त्यांना विचारा: खोली किती, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकायचं, आणि पाण्याला कोण यायचं. पुढच्या भागात मराठवाड्यातल्या बारवांकडे जाऊ. तोपर्यंत नमस्कार.